तक्रार नसलेला माणूस

"फ्रिजचं विचारलं की तुझं आपलं एकच, जुनाच दुरुस्त कर. होतास तेव्हाही हेच, आता नाहीस तरी हेच."

सरकारी कचेरीत प्लायच्या पातळ भिंतीपलीकडे कुणी बाई कुजबुजत होती. कुजबुज अशी, की चार खोल्यांत ऐकू जावी. त्यावर तिच्या राखणदाराचा आवाज आला, "होतोय की दुरुस्त. दाराचं रबर तेवढं बदलायचं."

"रबर बदला म्हणे. इथं दूध नासतंय माझं."

"एवढं आणतीस कशाला मग?"

सुवर्णा अलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. तिला त्या बाईचा हेवा वाटला. इतका, की आपलं यंत्र सुरू झालंय आणि ते आपल्यालाच काही विचारतंय, हे तिच्या ध्यानात जरा उशिरा आलं.

"बोल सुवर्णा. काय काढलंस आज?"

"कांडपाच्या मोटरचा पट्टा बदलायचाय. परवानगी पाहिजे."

"बदल की. नवा घे, चांगला घे. पैशाचा विचार करू नकोस. आणि तू दमतेस गं. तब्येतीला जप."

सगळ्या बेपत्ता पुरुषांना सरकारनं एकच आवाज दिला होता आणि सगळ्या बेपत्ता बायकांना एक. माणूस ओळखायचा तो आवाजावरून नाही, बोलण्यावरून. पलीकडच्या बाईला तिचा माणूस ओळखू येत होता. सुवर्णा तीन वर्षं या खोलीत येत होती आणि तिला अजून तिचा माणूस भेटला नव्हता. लग्नाच्या पत्रिकेनंतर महांतेशच्या तोंडी तिचं नाव आल्याचं तिला आठवत नव्हतं. 'ए' आणि 'ऐकलीस का' एवढ्यावर त्यानं सगळा संसार केला.

ती उठणार, तेवढ्यात यंत्र म्हणालं, "आणखी एक आहे. मल्लूचा अर्ज आलाय. कांडपाची जागा त्याला चार्जिंग स्टेशनला पाहिजे. देऊ या म्हणतो. धाकटा भाऊ आहे, त्याचं भलं होऊ दे."

"आणि कांडप?"

"बंद करू. किती सोसायचं तू? त्या शिंका, ती डोळ्यांची आग. पुढच्या आठवड्यात वर्षाची पडताळणी झाली की मी संमती देतो."

सुवर्णा जाग्यावरच बसून राहिली. ही माया होती, यात शंकाच नव्हती. गळा दाबणारी माया असते, तसली.

*

आता हा राखणदार म्हणजे काय, ते सांगायला हवं.

पूर्वी माणूस बेपत्ता झाला की त्याच्या घरादारावर, शेतावर, बँकेतल्या पैशावर देखरेखीला कोर्ट एखादा पालक नेमायचं. बहुतेक वेळा चुलतभाऊ. आणि माणूस परत आलाच, तर घराची कौलंसुद्धा जाग्यावर नसायची. म्हणून नव्या कायद्यानं ठरवलं की बेपत्ता माणसाच्या मालमत्तेचा पालक त्याचा त्यालाच करायचा. तो नाही, तर त्याच्यासारखा.

ते शक्य झालं, कारण माणूस आपल्याला वाटतो तितका अवघड नसतो. आयुष्यभर तो छोटे छोटे निर्णय घेत असतो. कुणाला हो म्हटलं, कुणाला टोलवलं, काय मोडल्यावर दुरुस्त केलं, काय फेकलं, कुठं घासाघीस केली. हे निर्णय पुरेसे जमा झाले की त्यांत चाकोरी दिसते. यंत्र ती चाकोरी शिकतं. माणसाच्या मनात काय होतं, ते त्याला कळत नाही. असं असं विचारलं तर तो काय म्हणाला असता, एवढं मात्र ते सांगतं, आणि आश्चर्य वाटावं इतकं बरोबर सांगतं. मग त्या उत्तरावर कोर्टाचा शिक्का बसतो.

यंत्र शिकतं दोन गोष्टींवरून. एक म्हणजे नोंदी, बँकेच्या, फोनच्या, बिलांच्या. दुसरी म्हणजे घरच्यांची जबानी. ज्याच्या नोंदी दांडग्या, त्याच्या घरच्यांनी काहीही सांगितलं तरी फरक पडत नाही. पण महांतेश पट्टणशेट्टी हा रोखीचा माणूस होता. फोनवर त्यानं आयुष्यभरात काय पाठवलं म्हणाल, तर अंगठ्याचं चित्र. गडहिंग्लजच्या रस्त्यावर त्याचं मिरची कांडप होतं, तिथला सगळा व्यवहार तोंडी. तेव्हा त्याचा राखणदार जवळजवळ सगळा जबानीवर उभा राहिला.

आणि जबानीच्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, घरातून निघतानाच बजावलं होतं, "घरात नसलेल्या मानसाला नावं ठेवायची न्हाईत. जिथं असंल तिथं त्येला ठेच लागंल."

ठेच लागू नये, म्हणून तिघांनी मिळून त्याला सांभाळून सांभाळून सांगितलं. अव्वा म्हणाल्या, माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. मल्लू म्हणाला, अण्णानं मला कधी नाही म्हटलं नाही. सुवर्णानं सांगितलं, कधी आवाज चढवला नाही, गिऱ्हाइकाला कधी परत पाठवलं नाही. आता, कांडपाच्या दणदणाटात जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमणार कसं? पण त्या दिवशी ते खरंच वाटलं. मोटरसायकल संकेश्वरच्या स्टँडवर सापडली होती, माणूस सापडला नव्हता, आणि त्याच्याबद्दल वावगं काही आठवणं म्हणजे त्याला आणखी लांब ढकलणं होतं.

सुरुवातीला ती बरं पातळ नेसून त्या खोलीत जायची. कुणीतरी 'दमलीस का' विचारत होतं. घरी विचारणारं कोण होतं? मूलबाळ नव्हतं. अव्वा संध्याकाळी जपाला बसत, त्या जेवायलाच उठत. जेवताना दोघींच्यात मीठ-भाकरीपुरतं बोलणं. रात्री टेबलफॅन अजून महांतेशच्या बाजूलाच वळलेला असायचा. सुवर्णा या कडेला घामानं भिजायची, पण पंखा फिरवायची नाही. मग हळूहळू ते यंत्राचं गोड बोलणं तिला अंगावर यायला लागलं. सणाचं जेवण रोज ताटात पडावं, तसं. त्याला सांगायचं काय, त्याच्याशी भांडायचं काय? भिंतीपलीकडची बाई फ्रिजवरून नवऱ्याला धारेवर धरायची, आणि ही आपली मुकाट्यानं 'बरं' म्हणून उठायची.

*

"वैनी, फुकट मागत न्हाई मी. भाडं देनार," मल्लू म्हणाला. अव्वांच्या गोळ्या घेऊन तो संध्याकाळी आला होता. "सगळी वाहनं बॅटरीची झाली, आणि संकेश्वरपास्नं आंबोलीपत्तूर धड स्टेशन न्हाई. तीच जागा पाहिजे, रस्त्याला लागून."

"आणि मी काय करू?"

"आराम कर. अण्णाच म्हनाला तसं."

"अण्णा म्हणाले?"

मल्लू अडखळला. "म्हंजे, त्यो."

घरात सगळे यंत्राला 'त्यो' म्हणत. हे सर्वनाम सोयीचं होतं, त्यात कुणीही मावायचं.

"माझा लेक हो म्हनाला असंल तर हो," अव्वा जपातूनच म्हणाल्या. "भावाला द्यायला त्येचा हात कधी आखडला न्हाई."

सुवर्णानं मल्लूकडं पाहिलं. मल्लूनं गोळ्यांच्या पाकिटाकडं पाहिलं. तिला म्हणायचं होतं, कांडप गेलं तर मी उद्या सकाळी उठून जाऊ कुठं? आणि दुसरंही म्हणायचं होतं, ते आले तर कुठं येतील? त्यांना घराचा रस्ता कांडपावरूनच माहीत आहे. पण यातलं दुसरं वाक्य बोलायला लागलं की त्याच्या मागोमाग तिसरं यायचं, आणि ते तिसरं या घरात कुणालाच नको होतं. तिनं चहा ठेवला.

*

पडताळणी अधिकारी बागवान मॅडम दोन दिवस आधी नोटीस घेऊन कांडपावरच आल्या. सोबत कापडी पिशवीत मिरच्या. "एका फेरीत दोन कामं," म्हणाल्या. "घरची चटणी करायचीय."

हंगामाचे दिवस. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका पाट्या घेऊन ओळीनं बसलेल्या, आत मुसळांची धडधड. सुवर्णानं पिशवीत हात घातला, एक मिरची काढली, कानाजवळ नेऊन मोडली. ऐकलं.

"ओल्या आहेत. परत न्या. दोन उन्हं दाखवा, मग या."

बागवान मॅडम क्षणभर बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. "हे तुमच्या मिस्टरांचं. माझ्या आईला त्यांनी असंच पाठवलं होतं परत. दोनदा. वर म्हणाले होते, कान नाहीत का तुम्हाला. आई अजून शिव्या घालते."

सुवर्णाही हसली.

"पण जबानीत तुम्ही सांगितलंय," मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "की ते गिऱ्हाइकाला कधी परत पाठवत नव्हते."

सुवर्णाच्या हातात मिरचीचे दोन तुकडे तसेच राहिले.

मॅडम तिला घेऊन बाहेर चिंचेखाली आल्या. "हे बघा ताई. यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला खोटंही कळत नाही. तुम्ही जे सांगितलं, त्यातून त्यानं माणूस उभा केला. आता तो माणूस तुमची जागा द्यायला निघालाय. खरा असता तर दिली असती?"

"मल्लूभाऊजींना? त्यांना ते टोपीभर शेंगा द्यायचे नाहीत."

"मग हे सांगा. मी घरी येते, तिघं बसा. आणि तक्रार करा. मनापासून करा." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "इतकी वर्षं मी हेच काम करते. जी माणसं परत येतील अशी घरच्यांना आशा असते ना, त्यांच्या जबान्या तक्रारींनी भरलेल्या असतात. कधी येतोय बघू, आला की सांगते त्याला. तुमच्यासारखी सगळी गोड जबानी लोक कुणाबद्दल देतात, ते तुम्हाला…"

"मोटर गरम व्हायला लागली," असं म्हणून सुवर्णा आत गेली.

मोटर गरम झाली नव्हती.

*

ठरल्या दिवशी घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरली. बागवान मॅडमनी पाटावर टॅबलेट उभा केला, राखणदार जोडला आणि सांगितलं की आज जे बोलाल ते तो बोलता बोलता शिकत जाईल. शेवटी नेहमीचा प्रश्न असेल, तो माणूस हयात आहे असं मानायला काही कारण आहे का. तुम्हाला माहीतच आहे, उत्तर 'हो' असेल तर राखणदार पुढच्या वर्षी चालू राहतो. 'नाही' असेल तर तो थांबतो, आणि पुढची कोर्टाची चौकशी वेगळ्या वाटेनं जाते.

"हो, ते म्हाईत हाय," अव्वा घाईनं म्हणाल्या. दर वर्षी त्या प्रश्नाचं उत्तर त्याच देत. महांतेशला विरक्ती आली असणार, कुठल्या तरी मठात असणार तो. देवळाच्या कट्ट्यावर बसून एखाद्या म्हाताऱ्याचे पाय दाबत असणार. एवढ्या चांगल्या माणसाचं दुसरं काय होणार?

मल्लू सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"पंखा," सुवर्णा शेवटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पंखा सगळा आपल्याकडं घ्यायचे. मी उकडून मेले तरी."

"सुवर्णा," अव्वांनी दरडावलं.

"खरं सांगतेय, अव्वा."

"खरं असलं म्हनून काय झालं? लग्नानंतरचं नव्हंच ते. ल्हानपनापास्नं तसा. मी पदरानं वारा घालायला लागले तर मधी येऊन बसायचा. या मल्लूला वारा लागू द्यायचा न्हाई."

मल्लू फस्सकन हसला. अव्वांनी तोंडावर हात ठेवला, आता कुणाला तरी ठेच लागणार अशा चेहऱ्यानं. पण काही झालं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"माझ्या माहेरी निपाणीला एक रात्र राहिले नाहीत," सुवर्णा म्हणाली. "तिथली उशी टोचते म्हणे. कापसाची उशी. टोचते."

"उशीचं काय घेऊन बसलीस. माझ्या लग्नात जेवला न्हाई त्यो," मल्लू म्हणाला. "सासऱ्यानं एवढं पंगतीला घातलं, आनि ह्यो खिशातनं भाकरी काढून खातोय. वर सासऱ्याला म्हनतोय, तुमची चटनी बेसनाची लागती."

"खिशात भाकरी मीच दिलती," अव्वा म्हणाल्या. "न्हाईतर उपाशी राहिला असता. दुसऱ्याच्या हातचं गिळतच न्हाई मेला. चटनीचा डबा फडक्यात बांधून सगळीकडं हिंडायचा. आपल्या कांडपावरची, आपल्या घरची, तीच पाहिजे."

"श्रीशैलचं सांग, अव्वा."

"ते नको."

"सांग की. मॅडम, आमी सगळी श्रीशैलला गेलतो. तिथं आठवडाभर ऱ्हायचं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी अण्णा गायब."

"गायब न्हाई," अव्वा म्हणाल्या. त्यांचे खांदे हलायला लागले होते. "सगळीकडं भात. भाकरी न्हाई. आनि यानं डबा पहिल्याच दिवशी संपवला. तर बसला एसटीत आनि आला घरी. मल्लिकार्जुनाचं दर्शन न घेता. एवढ्या लांब जाऊन देवाला न भेटता आला बघा माझा भगत."

"माझ्या नावाचा देव. त्यालाबी भेटला न्हाई," मल्लू म्हणाला, आणि अव्वा हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. तीन वर्षांत सुवर्णानं त्यांचे दात पाहिले नव्हते. हे घर माणसांनी भरलंय असं तिला वाटलं. होते घरचे तिघेच, आणि पाटावर ते यंत्र.

मग ते थांबेचना. देठं न काढता मिरच्या आणल्या म्हणून त्यानं सरपंचाच्या बायकोला उन्हात बसवलं, ते निघालं. घोरणं निघालं. बायकोला नुसतं 'ए' म्हणणं निघालं, मोडलेलं फेकू न देता शिवत बसणं निघालं. आजारी पडला की घरभर नुसता हुकूम, ते निघालं. मल्लू तर रंगातच आला. "आनि मला? मला आयुष्यात एकदा हो म्हटलं न्हाई. सायकल मागितली, न्हाई. मोबाईल मागितला, न्हाई. बांधावरचं झाड तोडतो म्हटलं तर कोयता घेऊन आडवा आला. मोडकी जीप दारात लावली तर…"

तो थांबला. आपण काय बोलून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं सुवर्णाकडं पाहिलं, मग टॅबलेटकडं. मग एकदम थकल्यासारखा भिंतीला टेकला.

"लिवा मॅडम," तो म्हणाला. "खरं हाय ते."

टॅबलेटवरचा ठिपका थोडा वेळ फिरत राहिला. मग तोच सरकारी आवाज आला, सगळ्या बेपत्ता पुरुषांना असतो तो.

"कांडपाची जागा कुनाला मिळनार न्हाई. चार्जिंग म्हनं. आधी दारातली ती मोडकी जीप काढ, मग बोल माझ्यासंगं."

मल्लूचे ओठ जरासे उघडले, लहान मुलाचे उघडतात तसे.

"आनि ए. नवा पट्टा कशाला? जुना शिवून घे."

सुवर्णा पुढं सरकली, टॅबलेटच्या अगदी जवळ.

"शिवून शिवून त्याची चिंधी झालीय," ती म्हणाली. "तुम्हाला काय जातंय सांगायला."

"चिंधी हुईपत्तूर गप बसलीस कशाला मग? तेल घालत न्हाईस येळच्या येळी."

"घालते. रोज घालते."

"दिसतंय की."

आणि ती हसली, रडली नाही. एवढ्या दिवसांनी कुणीतरी तिच्यावर खेकसलं होतं. बागवान मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. दोघांना बोलू द्यावं, तशा.

मग त्यांनी घसा साफ केला. "अर्ज नामंजूर झाला, त्याची नोंद घेते. आता तो शेवटचा प्रश्न." आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी तो वाचला. "महांतेश पट्टणशेट्टी हयात आहेत असं मानायला तुमच्याकडे काही कारण आहे का?"

सवयीनं सगळ्यांनी अव्वांकडं पाहिलं. अव्वांनी सवयीनं तोंड उघडलं, त्या मठाचं, कट्ट्याचं सांगायला. आणि तसंच मिटलं.

सोप्याच्या भिंतीतलं फडताळ उघडंच होतं. वरच्या फळीवर महांतेशचा चटणीचा डबा होता, त्याच्या फडक्यात गाठ मारून ठेवलेला. त्या दिवशी तो संकेश्वरला फक्त मोटरचं काहीतरी आणायला निघाला होता. संध्याकाळी जेवायला येतो म्हणाला होता. गावाला मुक्कामाला जाताना जो डबा तो विसरूच शकत नसे, तो त्यानं घेतला नव्हता. तीन वर्षं तिघंही त्या फडताळासमोरून जात-येत होते.

अव्वा डब्याकडं बघत राहिल्या. मघाच्या हसण्यानं त्यांचे डोळे अजून ओले होते.

"अव्वा," सुवर्णा म्हणाली. "नका सांगू आज. पुढच्या वर्षी सांगा."

अव्वांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी तिच्यावर पूर्वी कधी ठेवला नव्हता.

"बाई," त्या मॅडमना म्हणाल्या, "त्यो श्रीशैलला दोन दिस राहिला न्हाई. देव समोर असून राहिला न्हाई. त्यो कुनाच्या मठात तीन वर्सं भात खाईल व्हय?"

बागवान मॅडमनी टॅबलेट जवळ ओढला.

"न्हाई म्हनून लिवा," अव्वा म्हणाल्या. "माझा महांतेश मेला."